स्थलांतर थांबवायचे की सुसह्य करायचे?

पूर्व विदर्भाच्या मागासलेपणावर भाषण असो की अग्रलेख, 'गावातच काम मिळाले तर माणसे बाहेर जाणार नाहीत' हे वाक्य त्यात हमखास येते. ऐकायला ते इतके रास्त वाटते की ते तपासून पाहावे असे कुणाच्या मनात येत नाही. पीएच.डी.नंतर स्थलांतर आणि विकासधोरण यांवर काम करणारे संशोधक नेमके असेच सर्वमान्य समज तपासतात. ते तपासायला कारधा हे गाव सोयीचे आहे. वैनगंगेच्या एका काठावर भंडारा शहर, दुसऱ्या काठावर कारधा आणि मधून जाणारा नागपूर-रायपूर महामार्ग. रस्ता, धरण, शहराची जवळीक अशा विकासाच्या सगळ्या खुणा या परिसरात आहेत.

गैरसमज : विकास झाला की स्थलांतर आपोआप थांबते.

वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. गाव सोडायला पैसा लागतो, ओळख लागते, थोडे शिक्षण लागते. हाती काहीच नसलेला माणूस लांब जाऊ शकत नाही; दोन पैसे आले, रस्ता झाला, मुलगा बारावी झाला की जाण्याचा विचार सुरू होतो. मायकेल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञाने देशोदेशींच्या आकडेवारीवरून दाखवले, की गरीब देशांत उत्पन्न वाढते तसे परदेशी जाणारे आधी वाढतात. खरेदीक्षमतेच्या हिशेबाने दरडोई वार्षिक उत्पन्न साधारण दहा हजार डॉलरच्या घरात गेल्यावरच ते कमी होऊ लागतात. शिवाय विकास स्वतःच माणसे हलवतो. कारध्याच्या खालच्या अंगाला, पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. तेव्हा 372 कोटींचा असलेला प्रकल्प पुढे अठरा हजार कोटींवर गेला आणि त्याच्या पाण्याखाली भंडारा व नागपूर जिल्ह्यांतली गावे गेली. त्यांच्यासाठी सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज मंजूर व्हायला 2013 उजाडले. ज्याचे घर धरणाने उठवले, त्याला 'विकास झाला की जावे लागणार नाही' हे कसे सांगणार?

गैरसमज : कोण कुठे गेले, हे जनगणनेतून कळते.

कळते, पण अर्धेच. 2011 च्या जनगणनेने देशात 45 कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले. त्यातला मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे. 2020-21 च्या राष्ट्रीय श्रमशक्ती सर्वेक्षणात स्थलांतरितांचे प्रमाण 28.9 टक्के आले, पुरुषांत 10.7, स्त्रियांत 47.9. त्या स्त्रियांपैकी 86.8 टक्के लग्नामुळे आलेल्या. याचा अर्थ असा, की भंडाऱ्यात जन्मलेली मुलगी पूल ओलांडून कारध्यात नांदायला आली तर ती स्थलांतरित ठरते. पण धान निघाल्यावर जानेवारीत मुकादमाबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आणि रोवणीआधी परतलेली मजूर बाई या सर्वेक्षणात गावचीच राहते, कारण तिथे सलग सहा महिन्यांचा मुक्काम ही अट आहे. पूर्व विदर्भातल्या हजारो कुटुंबांचे वर्ष असेच चालते. 2011 ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती, म्हणजे ऐन मिरचीच्या हंगामात. लोकसंख्यावाढीचा आकडाही पुरेसा बोलत नाही. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, भंडारा जिल्ह्याची जेमतेम साडेपाच टक्क्यांनी. त्यात घटलेला जन्मदर किती आणि बाहेर गेलेली माणसे किती, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही.

गैरसमज : पोस्ट-डॉक संशोधन म्हणजे पदवीनंतरचा वेळकाढूपणा; धोरणाला त्याचा काय उपयोग?

हंगामी स्थलांतर एका फेरीत दिसत नाही. जुलैत गाव भरलेले असते, मार्चमध्ये घराघराला कुलूप असते. दोन-तीन वर्षे त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाणे, हेच या कामाचे बळ. घाईच्या निष्कर्षाचा धोका बांगलादेशातल्या रंगपूरने दाखवला. तिथल्या टंचाईच्या महिन्यांत गरीब कुटुंबांना शहरात कामाला जाण्यासाठी जेमतेम साडेआठ डॉलर दिले, तर बरीच माणसे गेली आणि मागे राहिलेल्यांचे खाणेपिणे सुधारले. हा प्रयोग गाजला. पण तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा परिणाम टिकला नाही आणि 2019 मध्ये तो बंद झाला. पहिल्या निकालावर थांबले असते तर एक चुकीचे धोरण पक्के झाले असते.

यावर आक्षेप येतो : मग गावात काम देणे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांच्या अभ्यासात रोजगार हमीच्या कामामुळे हंगामी स्थलांतर कमी झालेले दिसले. शहरात मजुरी जास्त असूनही लोक गावातले काम पसंत करतात, कारण उघड्यावरचा मुक्काम, पोरांची आबाळ, म्हाताऱ्यांची काळजी ही किंमत मजुरीच्या आकड्यात धरलेली नसते. म्हणजे नाइलाजाने जाणारे थांबतील, आपखुशीने जाणारे जातीलच. धोरणाला दोघांचीही सोय हवी. 2019 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेने दुसऱ्या राज्यातही धान्य मिळण्याची वाट उघडली. शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि मजुरीची हमी मात्र अजून गावाच्या वेशीपाशी अडकते. किती जण गावी राहिले यावर योजनेचे यश मोजण्याऐवजी, गेलेल्याला ठरलेली मजुरी मिळाली का आणि त्याच्या मुलाचे वर्ष वाचले का, यावर ते मोजायला हवे.

याची सुरुवात दिल्लीतून होण्याची वाट पाहायची गरज नाही. धान घरात आले की कोण, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर आणि किती मुलांना घेऊन चालले, याची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. संशोधकाला त्यातून आकडा मिळेल आणि संकटात सापडलेल्या मजुराला पत्ता.