दीर्घिका भेटतात तेव्हा

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभं राहावं. दोन गल्ल्यांतून दोन मिरवणुका येतात आणि एकमेकींत शिरतात. माणसं माणसांना चुकवत पुढे सरकतात; उधळलेला गुलाल मात्र असा मिसळतो, की कुठला कोणाचा ते सांगता येत नाही.

दोन दीर्घिका भेटतात तेव्हा जवळपास असंच घडतं. ताऱ्याताऱ्यांत अंतर एवढं अफाट, की ते सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. आदळतो तो मधल्या जागेतला वायू, मुख्यतः हायड्रोजन. ओढाताणीत त्याची फिरकी मंदावते, तो केंद्राकडे कोसळतो, दाबला जातो आणि तिथे भराभर तारे जन्मू लागतात. सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरची एम ८२ ही दीर्घिका तिच्या शेजारणीजवळून, एम ८१ जवळून गेली. दोघींचं विलीनीकरण झालं नाही, तरी नुसत्या त्या भेटीनं एम ८२ च्या मध्यभागी ताऱ्यांच्या जन्माचा सपाटा लागला. आम्ही कवी आकाशाला शांत म्हणत आलो, ते काही खरं नाही.

इथवर समजायला सोपं. मला चकवलं ते पुढच्या भागानं. मोठ्या विलीनीकरणात ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात. एका तबकडीत शिस्तीत फिरणारे तारे वाटेल त्या दिशांनी फिरू लागतात आणि मध्यभागी गोलसर फुगवटा वाढतो. आपल्या आकाशगंगेचाही फुगवटा आहे, धनु राशीच्या दिशेला. (ठाकूरद्वारच्या दिव्यांत तो दिसायचा नाही, गावी गेलात तर पाहा.) हा फुगवटा फार जड झाला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे भोवतीच्या तबकडीतला आतला वायू वेगानं आणि बाहेरचा हळू फिरतो. या ताणात वायूचा गोळा जमण्याआधीच फाटतो. ढग दाटून यावेत आणि पाऊस पडू नये, तसं. म्हणजे ज्या भेटीनं तारे जन्मले, तिनंच पुढच्या जन्मांत अडथळा उभा केला.

पण सगळा दोष फुगवट्याच्या माथी मारता येत नाही. विश्वातली ताऱ्यांची निर्मिती ८ ते १० अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होती; आज ती साधारण दहाव्या हिश्श्यावर आली आहे. का, याचा एक धागा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला सापडला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. इतक्या दूरच्या एकट्या दीर्घिकेतला हायड्रोजन तिलाही जाणवत नाही. म्हणून आदित्य चौधुरी, निस्सीम कानेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी काढली. २०२० साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला : ८ अब्ज वर्षांपूर्वी या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण खर्चाचा वेग असा, की बाहेरून भर पडली नाही तर एक-दोन अब्ज वर्षांत साठा संपावा. पुढे तेवढी भर पडली नाही, असं दिसतं.

आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला एक-दोन सूर्यांच्या वजनाइतकेच तारे तयार होतात. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तिच्यात मिसळणार, हे पूर्वी ठामपणे सांगितलं जाई. २०२५ सालच्या गणितानुसार पुढच्या १० अब्ज वर्षांत तसं होण्याची शक्यता निम्मीच. झालंच, तर तोवर दोघींचाही बराच वायू खर्ची पडलेला असेल, त्यामुळे एम ८२ सारखा सपाटा काही लागायचा नाही.