शिफारसपत्र म्हणजे दाखला नव्हे

आपल्याला दाखल्यांची सवय. तलाठ्याचा असो की कॉलेजचा, शिक्का बसला की काम झाले. पण बी.एस्सी. कृषी झालेली मुलगी अमेरिकेतील विद्यापीठात एम.एस.साठी अर्ज करते, तेव्हा शिक्षकांच्या शिफारसपत्राला हा हिशोब लागू होत नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या भागातील एक शेतकरी असे पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. "साहेब, सरांनी सही करून दिलंय. पोस्टात टाकू ना?" मुदतीला दोन दिवस उरले होते आणि ते पत्र पोस्टाने जायचेच नव्हते! अर्जात मुलीने शिक्षकाचे नाव, हुद्दा व ई-मेल भरायचा. मग विद्यापीठाकडून शिक्षकाला लिंक जाते आणि त्यांनी स्वतः पत्र अपलोड करायचे. लिंक आली होती, पण सरांच्या मेलमध्ये स्पॅममध्ये पडून होती. शोधली, पत्र गेले एकदाचे. दुसऱ्या विद्यापीठाची मुदत मात्र टळली. अर्जाची फीही गेली.

बहुतेक ठिकाणी तीन पत्रे मागतात. सरपंचांचे किंवा आमदारांचे पत्र जोडा, असे कुणी सुचवील. त्याचा उपयोग नाही. ज्याने शिकवले, प्रयोग करून घेतले, त्याचेच पत्र चालते. त्यातही "विद्यार्थिनी हुशार व नम्र आहे" एवढ्याने भागत नाही. रावेची मुले तुमच्या गावात राहून जातात, ती तुम्ही पाहिली आहेत. तिथे तिने मातीचे नमुने कसे घेतले, आकडा चुकला तेव्हा पुन्हा शेतात गेली का, हे सरांनी लिहावे. त्यासाठी मुलीने गुणपत्रक, प्रकल्पाची माहिती आणि विद्यापीठांच्या मुदती एका कागदावर मांडून महिनाभर आधी सरांना द्याव्यात. सरांनाही शंभर कामे असतात.

काही ठिकाणी "तूच लिहून आण, मी सही करतो" असे सांगतात. मग तिन्ही पत्रांची भाषा एकच येते आणि वाचणाऱ्याला संशय येतो. अशा वेळी माहितीचा कागद पुढे करून सरांनाच लिहायची विनंती करावी. अवघड वाटते खरे, पण करावी.

ई-मेल शक्यतो कॉलेजचा द्यावा, खाजगी पत्त्यावर शंका घेतली जाते. पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडता का, असेही अर्जात विचारतात. तिथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला तो हक्क १९७४ च्या अमेरिकी कायद्याने मिळतो. बहुतेक जण सोडतात, कारण मुलीने न पाहिलेल्या पत्रावर विश्वास जास्त बसतो.

ऑगस्टच्या प्रवेशासाठी अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे नेमकी गव्हाच्या पाण्याची धांदल. मुदत बहुधा तिकडच्या घड्याळाने रात्री ११.५९ ला संपते. हिवाळ्यात न्यूयॉर्कपेक्षा आपण साडेदहा तास पुढे, कॅलिफोर्नियापेक्षा साडेतेरा. पण शिक्षकांच्या पत्राची तारीख काही ठिकाणी वेगळी असते, ती मुलीकडून आधीच विचारून घ्या.