दोन रस्त्यांची फटफटी

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मराठीच्या प्राध्यापकाने काय विकत घ्यावे, याविषयी समाजाच्या काही ठाम कल्पना आहेत. शब्दकोश घ्यावा, आरामखुर्ची घ्यावी, फार तर हप्त्यावर एखादी छोटी मोटार घ्यावी. खाचखळग्यांतून उड्या मारीत जाणारी फटफटी घ्यावी, असे त्यांत कोठेही बसत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी मी तसा विचार बोलून दाखविला तेव्हा घरात प्रथम शांतता पसरली आणि मग सौ. म्हणाली, "अहो, गुडघ्यांना लावायचं तेल परवाच आणलंय ना?"

तेल आणले होते, नाही म्हणत नाही. पण फटफटीची हौस म्हणून ही गोष्ट सुरू झालेलीच नव्हती.

मी राहतो पाचगणीला आणि शिकवितो खाली वाईला. म्हणजे रोज सकाळी पसरणीचा घाट उतरायचा आणि दुपारी तोच चढायचा. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर; पण तेवढ्यात उंची सुमारे सहाशे मीटरने बदलते. रस्ता डांबरी आहे. पाहुण्यांच्या मोटारी ऐन वळणावर थांबून धोम धरणाचे फोटो काढीत नसतील तर उत्तमच आहे. एवढ्यासाठी माझी स्कूटर पुष्कळ होती. अडचण होती ती दुसऱ्या रस्त्याची. राजपुरीच्या पुढे, डोंगराच्या खालच्या अंगाला आमचे जुने घर आणि स्ट्रॉबेरीचा अर्ध्या एकराचा तुकडा आहे. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. 'पाचगणीला चल' म्हटले की म्हणते, "तुमच्या गावात समदी पावणीच. माणसं कुठं हायती?" या घराकडे जाणारे शेवटचे चार किलोमीटर निव्वळ तांबड्या मातीचे. उन्हाळ्यात तिथे फुफाटा असतो आणि पावसाळ्यात लोणी.

गेल्या वर्षी जुलैमध्ये रात्री साडेनऊला शेजाऱ्यांचा फोन आला की, आईला थंडी वाजून ताप भरला आहे. वाडीतली एकुलती एक जीप त्या दिवशी साताऱ्याला गेलेली. स्कूटर काढली आणि धुक्यातून निघालो. मातीच्या रस्त्यावर दीड किलोमीटर गेलो असेन नसेन, तोच चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये असा काही ठासून बसला की, चाक फिरेनासे झाले. काटकीने उकरावे, दहा पावले जावे, पुन्हा तेच. शेवटी स्कूटर एका आंब्याखाली लावली आणि उरलेले अंतर बॅटरीच्या उजेडात चालत गेलो. तासभर लागला. आई पेज आणि गोळ्यांवर सकाळपर्यंत सावरली. पण त्या तासात माझ्या मनात जे जे येऊन गेले ते मी कागदावर उतरविणार नाही.

तेव्हा मला एकच वाहन हवे होते. रोज घाट उतरणारे आणि गरज पडेल त्या रात्री चिखलातून जाणारे. अशा दुहेरी कामाच्या गाड्यांना जगात 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात, हे मला माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले. यामाहाने १९६८ साली डीटी-१ नावाची हलकी गाडी काढली आणि ही जात लोकप्रिय झाली. १९८० साली बीएमडब्ल्यूने आपल्या गाडीच्या नावातच 'जी' आणि 'एस' ही अक्षरे घातली, एक रानवाटेसाठी नि एक सडकेसाठी. आपल्याकडे हिरोने २०११ साली इम्पल्स काढली. ती फार दिवस टिकली नाही. मग २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ साली हिरोची एक्सपल्स, आणि हा बाजार खरा भरला. अर्थात आमच्या डोंगरी भागाला ही कल्पना नवी नव्हती. १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत निघू लागली, तेव्हा तिला कोणी दुहेरी-तिहेरी म्हटले नाही. दुधाच्या किटल्या अडकवून माणसे ती कुठेही नेत. माझ्या वडिलांकडे तीच होती. तिचा फटफट आवाज डोंगराच्या पलीकडून ऐकू आला की, आई चुलीवर चहाचे आधण ठेवी.

आता निवडीविषयी. दुकानात गेलो की भिंतीवर चित्र असते: बर्फाची शिखरे, मध्ये नदी, नदीतून पाणी उडवीत जाणारा सहा फुटी तरुण. माझी उंची पाच फूट चार इंच आणि नदी म्हणाल तर आमच्या ओढ्याला घोटाभर पाणी. पण चित्राचा परिणाम होतोच. मी एका स्नेह्यांची मोठी, दिमाखदार गाडी एक दिवस मागून आणली. घाटात ती अशी चालली की, मी स्वतःशी गाणे म्हणू लागलो. मग मातीच्या रस्त्याला वळलो. पहिल्याच चढावर एका दगडापाशी गाडी थांबली, मी डावा पाय टेकायला गेलो आणि पायाखाली जमीनच नव्हती! तिथे उतार होता. गाडी सावकाश, अगदी सन्मानाने आडवी झाली आणि तिच्याबरोबर मीही. लागले काही नाही. पण ती उचलता येईना. अर्धा तास मी त्या माळावर तिच्याभोवती प्रदक्षिणा घालीत होतो. अखेर बकऱ्या घेऊन आलेल्या दोन पोरांनी हात दिला.

ही फजिती झाली नसती तर मी चुकीची गाडी घेतली असती. पहिली गाडी घेणाऱ्याने मातीच्या रस्त्यावर आपण पडणार, हे गृहीतच धरले पाहिजे. वेग फार नसतो, म्हणून बहुधा लागतही नाही. मग प्रश्न दोनच उरतात: पडायच्या आत पाय टेकतो का, आणि पडल्यावर एकट्याला उचलता येते का? दुकानात हे दोन्ही पाहता येते. लाजू मात्र नये. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी पहिल्या हिमालयनची बसायची उंची ८०० मिलिमीटर, म्हणजे मला सोयीची; पण वजन १९९ किलो. २०२३ साली आलेली नवी हिमालयन ४५० हिची उंची ८२५, वजन १९६. एक्सपल्स २०० ची चार व्हॉल्व्हची गाडी २०२१ साली निघाली, तिची उंचीही ८२५. वजन मात्र १५८. केटीएमची २०२५ ची एन्ड्युरो आर तर ८६० मिलिमीटर उंच; तिच्याकडे मी खालूनच पाहिले. उंचीवर थोडा उपाय असतो. गादीचा फोम दीड-दोन सेंटिमीटर कापून घेता येतो आणि तेवढ्याने चवड्यांऐवजी अर्धे पाऊल टेकते. वजनावर उपाय नाही. चाळीस किलो म्हणजे गव्हाचे जवळजवळ एक पोते. ते चिखलात आपल्याबरोबर पडावे की घरी राहावे, एवढाच प्रश्न.

उचलायची रीत माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने शिकविली. गाडी गिअरमध्ये असावी, म्हणजे घसरत नाही. हँडल पूर्ण वळवावे. मग गाडीकडे पाठ करून, पार्श्वभाग गादीच्या कडेला टेकवून उकिडवे बसावे, एका हाताने हँडल नि दुसऱ्याने मागची पट्टी धरावी आणि कमरेने न ओढता पायांनी मागे मागे रेटीत उठावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड काढून ठेवावा, नाहीतर ती उभी राहते आणि तशीच पलीकडे जाते. हा प्रयोग मी भात काढलेल्या आमच्या खाचरात आठ वेळा केला. आई बांधावर बसून पाहत होती. "गाडी चालवायला घेतलीस का उचलायला?" असे तिने एकदा विचारले.

शक्तीच्या आकड्यांना फार भुलू नये. हिमालयन ४५० ला ४० अश्वशक्ती आहे आणि माझ्या गाडीला १९ च्या आसपास. लांबच्या महामार्गावर हा फरक जाणवेल, खोटे बोलणार नाही. मागे माणूस आणि सामान असले तर फारच. पण पसरणी घाटात पुढे भरलेली बस असताना चाळीस घोडे काय नि एकोणीस काय, सारे बसच्याच चालीने चालतात. पुढचे चाक एकवीस इंची आहे. खड्ड्यात पडण्याऐवजी ते खड्डा ओलांडते, हे सुख मात्र रोजचे. चाकांना तारा आहेत. त्या वाकल्या तर सरळ करता येतात, पण आत ट्यूब असल्याने पंक्चर झाल्यावर चाक काढावे लागते. या गाडीला एबीएस पुढच्या चाकालाच आहे. मातीत मागचे चाक अडकून घसरू लागले की, पहिल्यांदा पोटात गोळा येतो. सवय झाली की, त्या घसरण्याचाच वळायला उपयोग होतो. ओल्या डांबरावर मात्र तो खेळ करू नये, आणि घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर उतरणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही दवाखान्यातही पाहिले आहेत.

गाडी मी जुनीच घेतली. पहिली गाडी पडणार हे ठरल्यावर तिचे पहिले ओरखडे दुसऱ्याने काढलेले बरे! मिस्त्रीला बरोबर नेले. त्याने पुढच्या नळ्यांवर बोट फिरवून तेल गळते का ते पाहिले, चाके उचलून फिरविली, एकेक तार वाजविली, साखळी मागे ओढून पाहिली, हँडल वाकले आहे का ते समोर उभे राहून न्याहाळले. मी कागदपत्रे वाचली. ते माझे क्षेत्र. आधीच्या मालकाने मागच्या चाकावरचे साडीगार्ड काढून टाकले होते. "तरुण पोरं लावत नाहीत, सर," तो म्हणाला. मी ते त्याच्या माळ्यावरून शोधून काढायला लावले. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ती जाळी नियमानेच आवश्यक आहे, आणि माझ्या मागे कोण बसणार होते ते मला माहीत होते.

या वर्षीच्या जुलैत तो रस्ता मी पाचदा गेलो. एकदा त्याच आंब्यापाशी पडलो. पाठ टेकविली, उठलो, गाडी उचलली, पुढे गेलो. घरी पोहोचलो तेव्हा आईने चिमणीच्या उजेडात मला वरपासून खालपर्यंत पाहिले. ताप नव्हता, काही नव्हते. मी सहजच गेलो होतो.

दिवाळीसाठी आई पाचगणीला आली ती या गाडीवरून. गादी उंच, म्हणून तिला ओट्याच्या पायरीवरून चढविली. राजदूतवर ती आम्हां दोघा भावंडांना घेऊन एका अंगाला पाय सोडून बसत असे. हेल्मेट तेव्हा नव्हते, आता घातले. वाटेत एक शब्द बोलली नाही. दारात उतरल्यावर हेल्मेट काढून सौ.च्या हातात दिले आणि म्हणाली, "गाडी चांगली हाय. पर आवाजच न्हाई हिला. तुझ्या बापाची कशी डोंगरापल्याडनं वळखू यायची. तू आलास, हे मला कसं कळावं?"

आता राजपुरीच्या पुढच्या शेवटच्या वळणावर मी दोनदा हॉर्न वाजवितो. पोहोचेपर्यंत चहाला उकळी आलेली असते.