कॉम्प्युटर बंदच होईना? पिन ओढण्याआधी हे वाचा

गेवराई : शट डाऊन दाबलं, स्क्रीन काळी झाली, पण सीपीयूचा पंखा घरघरतोच आहे. गावातल्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत हे नवीन नाही. शटर ओढायची घाई असते, मग सरळ पिन ओढली जाते. बऱ्याचदा चालूनही जातं. पण त्याच क्षणी हार्डडिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाईल खराब होते, कधी विंडोजच सुरू होत नाही. ऐन पीक विम्याच्या मुदतीत असं झालं तर उमापूर, तलवाड्याच्या शेतकऱ्याला गेवराई गाठावी लागते.

बिघाडाचं एक मोठं कारण एका सोयीतच आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आलं. सकाळी लवकर चालू व्हावं म्हणून शट डाऊन करताना विंडोज पूर्ण रिकामं होत नाही. आपला गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे हार्डडिस्कवर ठेवतं आणि तिथूनच पुन्हा उठतं. प्रिंटरचा किंवा अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर अडकलेला असेल तर तोही अडकलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. नावावरून उलटं वाटेल, पण आहे असंच.

खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलं की 'अप टाईम' दिसतो. रोज बंद करूनही तिथं आठ-दहा दिवस दिसले, तर कॉम्प्युटर पुरता बंद झालेलाच नाही.

अशा वेळी आधी रिस्टार्ट करा, विंडोज वर आलं की शट डाऊन करा. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. त्रास रोजचाच असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा. 'चेंज सेटिंग्ज'ची निळी ओळ दाबली की 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढता येते. सेव्ह करा. सकाळी चालू व्हायला थोडा वेळ लागेल, तेवढं सोसायचं.

स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर हात लावू नका, जुन्या मशीनला तासभरही लागतो. लाईटचा भरवसा नसेल तर अपडेट रात्रीवर ठेवूच नये.

अर्धा-पाऊण तास काळ्या स्क्रीनवर काहीच हललं नाही, तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. हीसुद्धा जबरदस्तीच, रोजची सवय नको. दुसऱ्या दिवशी डिस्कची तपासणी सुरू झाली तर ती पुरी होऊ द्या.

तरीही तेच होत असेल तर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, पेनड्राईव्ह सगळं काढून नुसता कॉम्प्युटर बंद करून पाहा. नीट बंद झाला तर एकेक वस्तू जोडत जा. जिच्यापाशी अडेल, तिचा नवा ड्रायव्हर कंपनीच्याच साईटवरून घ्या.