आई बाळंतपणाला कुठं गेली होती?

जन्माचा दाखला हरवलाय, असं सांगत कुणी ग्रामपंचायतीत आलं की मी आधी त्याला बसायला सांगायचे आणि विचारायचे, ‘तुमची आई बाळंतपणाला कुठं गेली होती?’ माणूस बुचकळ्यात पडायचा. त्यानं आधार कार्ड काढून हातात धरलेलं असायचं. एखाद्यानं पोलिसांत कागद हरवल्याची तक्रार देऊन तिची प्रतही आणलेली असायची. चिपळूण तालुक्यात ग्रामसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. ग्रामसेवक हा कायद्यानं गावचा जन्म-मृत्यू निबंधकही असतो. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, रजिस्टरचं काम तेच आहे. त्या टेबलावर बसून जे कळलं ते लोकांना सांगावं असं फार दिवस मनात आहे, कारण विनाकारण वणवण करणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

घरात असलेला दाखला ही रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. नक्कल फाटली, भिजली, गहाळ झाली तरी नोंद जागच्या जागी असते. जन्माचं रजिस्टर कायमचं जपायचं, ते कधीही नष्ट करायचं नाही, असा नियमच आहे. त्यामुळे नवी प्रत मिळायला पोलिसांत जायची गरज पडत नाही. साधा अर्ज, ठरलेलं किरकोळ शुल्क, आणि ज्या कार्यालयात नोंद आहे ते कार्यालय. अडचण येते ती या शेवटच्या गोष्टीत.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, आणि तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यातलं मूळ सूत्र असं की घटना जिथं घडली तिथं तिची नोंद. तुम्ही राहता कुठं, रेशनकार्डावर पत्ता कुठला, वडिलांचं गाव कोणतं, याला इथं काही किंमत नाही. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाणार, तिथं बाळंत होणार आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की सासरी येणार. म्हणजे घरातल्या थोरल्या भावंडाची नोंद बहुधा आजोळी असते आणि धाकट्यांची वडिलांच्या गावी किंवा शहरात. त्यातही बाळंतपण घरी झालं असेल तर आजोळच्या ग्रामपंचायतीत. तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल, तर तो दवाखाना ज्या नगरपालिकेच्या हद्दीत, त्या नगरपालिकेत. एका घरच्या तीन भावंडांचे दाखले तीन कार्यालयांतून काढावे लागतात, यात कुणाचा घोळ नसतो.

एक तरुण मला आठवतो. नोकरीसाठी परदेशी निघालेला, दाखला सापडत नव्हता. वडिलांचं गाव आमच्या हद्दीत, म्हणून तो आमच्याकडे आला. मी रजिस्टर पाहिलं, पुढची-मागची वर्षंही पाहिली. नाव नव्हतं. तोवर कुणीतरी त्याला सल्ला दिला होता की नोंदच झालेली नाही, प्रतिज्ञापत्र करून नवी नोंद घालून घे. मी त्याच्या आईला फोन लावायला सांगितला. आईचं माहेर घाटावर, पाटण तालुक्यात. बाळ आडवं होतं म्हणून ऐन वेळी तिला कराडच्या एका खाजगी प्रसूतिगृहात नेलं होतं. एवढं ऐकल्यावर मी त्याला कुंभार्ली घाट चढून कराडला नगरपालिकेत जायला सांगितलं. नोंद तिथं होती, फक्त बाळाच्या नावाचा रकाना मोकळा होता. त्यानं आमच्याकडे नवी नोंद करून घेतली असती तर एका माणसाच्या दोन गावांत दोन जन्मनोंदी झाल्या असत्या, आणि पुढं कधी कुणी पडताळणी केली असती तर त्याला ते निस्तरता आलं नसतं. म्हणून सांगते, घाईनं नवी नोंद करायला जाऊ नका. आधी आईला, मावशीला, मामाला विचारा. दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचं नाव, घरी झालं असेल तर सुईण कोण होती, हे विचारा.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा असंख्य कपाटांतले कागद गेले. त्यानंतर कितीतरी दिवस माणसं चिखलानं चिकटलेले गठ्ठे पिशवीत घालून आणत होती. एका बाईंनी मुलीचा दाखला आणला होता. जपून ठेवायचा म्हणून तो लॅमिनेट केलेला, पण कडेनं पाणी आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे शाई पसरून सगळा कागद जांभळा झालेला. नाव वाचता येत नव्हतं. मी तो खिडकीपाशी उजेडात धरला. खालच्या बाजूला नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख पुसट दिसत होती. तेवढं पुरलं. रजिस्टर काढलं, त्या क्रमांकावर बोट ठेवलं, तिच्या मुलीचं पान निघालं. ‘मॅडम, हीच हो, हीच,’ म्हणत त्या माउलीनं रजिस्टरच्या पानावरून हात फिरवला.

तेव्हा दाखला कितीही खराब झाला असला तरी फेकू नका. भिजलेला असेल तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा आणि क्रमांक व तारीख वहीत उतरवून घ्या. जुना दाखला लॅमिनेट तर करूच नका. परदेशच्या कामासाठी त्यावर पडताळणीचे शिक्के मारावे लागतात, ते प्लास्टिकवर मारता येत नाहीत आणि असे कागद परत येतात.

क्रमांक हाताशी नसेल तर शोधाला वेळ लागतो. रजिस्टर जन्मतारखेच्या क्रमानं नसतं. ज्या दिवशी खबर आली त्या दिवशी नोंद, असा तो क्रम. खबर एकवीस दिवसांत द्यायची असते, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस झालेलं मूल बऱ्याचदा पुढच्या वर्षाच्या जानेवारीत सापडतं. म्हाताऱ्या माणसांना तर सनच आठवत नाही. त्यांना आठवतं, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चालत होते.’ किंवा ‘बहात्तरच्या दुष्काळात धाकटी झाली, गौरी आल्या त्या दिवशी.’ अशा बोलण्याला कधी कमी लेखू नये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. तेव्हा चालणारं मूल म्हणजे १९६६च्या आसपासचं, इतका अंदाज लगेच बांधता येतो. मग पंचांग काढून गौरी-गणपतीचा महिना धरायचा आणि पानं उलटायची.

शोधताना मुलाच्या नावानं शोधू नका, आईवडिलांच्या नावानं शोधा. दवाखाना बाळंतिणीला घरी सोडतानाच खबर पाठवतो, तोवर बारसं झालेलं नसतं. मग नोंदीत नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचं नाव कधी सासरचं, कधी दवाखान्याच्या केसपेपरवर होतं म्हणून माहेरचं. नावाचा रकाना मोकळा सापडला म्हणजे ती नोंद तुमची नाही, असं समजून परत फिरू नका. नाव नंतर घालता येतं. पहिल्या वर्षात त्याला शुल्क नाही, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्याहून जास्त वय झालेल्यांसाठी सरकारनं वेळोवेळी मुदत वाढवली आहे, ती सध्या कितपत आहे हे निबंधकाला विचारावं. चूक दुरुस्त होते तीही मूळ अक्षरं न खोडता. समासात नवा मजकूर लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. मूळ नोंद तशीच वाचता आली पाहिजे, हा दंडक मला नेहमीच फार शहाणपणाचा वाटत आला आहे.

आता १ जूनची गोष्ट. पन्नाशी-साठीच्या कितीतरी जणांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वय बेतानं धरायचे आणि १ जून घालायचे. अशा माणसाची ग्रामपंचायतीतली नोंद सापडली आणि तिच्यावर नोव्हेंबरमधली तारीख निघाली की तो हादरतो, आणि रजिस्टरातली तारीख शाळेप्रमाणे करून द्या म्हणतो. तसं करता येत नाही आणि करू नये. शाळेत काय लिहिलं, हा जन्माच्या रजिस्टरातल्या चुकीचा पुरावा होत नाही. पण घाबरायचंही कारण नाही. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. त्याआधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखला वगैरे इतर कागद आजही चालतात. ज्यांचं सगळं आयुष्य १ जूनवर उभं आहे त्यांनी ते तसंच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७०च्या आधीचा जन्म असेल तर वाट वेगळी. तेव्हा गावोगाव पाटील-कोतवालांकरवी जन्ममृत्यूची टिपणं ठेवली जात. कोतवाल बुक किंवा गाव नमुना चौदा म्हणतात तो हाच. ही बाडं बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत. त्यात बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी एवढंच सापडतं, बाळाचं नाव विरळाच. आणि फार जुनी पानं मोडीत. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हीच बाडं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. वर्षानुवर्षं बासनात पडलेली ही पानं त्या निमित्तानं झटकली गेली, अनेक ठिकाणी त्यांची छायाचित्रं घेतली गेली, याचा मला मनापासून आनंद झाला. इथं शोधताना जिल्ह्यांची फाटाफूटही ध्यानात ठेवावी लागते. सिंधुदुर्ग १९८१ला रत्नागिरीतून निघाला, पालघर २०१४ला ठाण्यातून. जुन्या कागदावर जुनाच जिल्हा असणार.

सगळीकडे पाहूनही नोंद मिळाली नाही, तर निबंधकाकडून तसं लेखी घ्यायचं. याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना दहा. हा कागद फार मोलाचा. अमेरिकेत ग्रीन कार्डसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या लोकांना, विशेषतः त्यांच्या आईवडिलांना, जन्मनोंद नसेल तेव्हा हेच प्रमाणपत्र, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं असं सगळं जोडून द्यावं लागतं. त्यासाठी जाणती माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावं.

ज्यांना नव्यानं नोंदच करायची आहे त्यांच्यासाठी कलम १३ आहे. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. मग खोट्या कागदांवर दाखले दिले गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि मार्च २०२५मध्ये राज्य सरकारनं कार्यपद्धती कडक केली. आता अनुपलब्धता प्रमाणपत्र, जन्माचे पुरावे, हरकतींसाठी जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल, असं सगळं पार पडल्यावरच आदेश निघतो. कडकपणा हवाच होता. पण ऊसतोड, वीटभट्टीच्या कामावर फिरणाऱ्या आयांची मुलं रस्त्यात, पालात जन्मतात, त्यांच्याकडे कुठला पुरावा असणार? त्यांच्या अर्जाकडे अधिकाऱ्यांनी संशयानं पाहू नये, स्वतः चौकशी करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

घाई असलेल्या माणसाला दलाल लवकर गाठतो. मोबाइलवर दाखला काढून देतो म्हणणारी नकली संकेतस्थळंही आहेत. हुबेहूब दिसणारा कागद येतो, पण रजिस्टरात त्याच्यामागं काहीच नसतं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट इनवर संपतो, तेवढं पाहावं, आणि दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून माहिती तिथलीच उघडते का ते तपासावं. सरळ मार्गानं गेलात तरी अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. जन्मदाखला २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येतो. पावतीवर अर्जाचा क्रमांक आणि दाखला किती दिवसांत द्यायचा ती मुदत लिहिलेली असते. मुदत टळली तर त्याच पावतीच्या आधारानं पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिथंही काम झालं नाही तर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील करता येतं.