रॉकेट मुद्दाम फोडावं लागतं तेव्हा



१४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ चं उड्डाण आम्ही वर्गात टीव्हीवर पाहिलं. रॉकेट ढगात शिरलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि कॅमेरा आत खोलीकडे वळला. तिथे कॉम्प्युटरसमोर रांगेने बसलेली माणसं. चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, रॉकेट तर गेलं, मग हे अजून काय बघतायत?" मी "लक्ष ठेवतायत" म्हणून वेळ मारून नेली. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं, की प्रत्येक उड्डाणात एक गट वेगळ्याच कामासाठी बसलेला असतो. रॉकेट भरकटलं तर ते फोडायचं, हे त्यांचं काम.

आपलं श्रीहरिकोटा आंध्र प्रदेशात आहे. एका बाजूला पुलिकत सरोवर, पूर्वेला बंगालचा उपसागर. उड्डाण समुद्राच्या दिशेने होतं, त्या दिवशी मच्छीमारांना आणि विमानांना ठरलेल्या पट्ट्यात यायला मनाई असते. ही काळजी उगाच नाही. १५ फेब्रुवारी १९९६ ला चीनमधल्या शिचांग इथून उडालेलं लाँग मार्च ३बी रॉकेट लगेच कललं आणि साधारण २२ सेकंदांत जवळच्या डोंगरावर आदळलं. सरकारी आकड्यानुसार सहा माणसं गेली.

मग ही मंडळी पडद्यावर बघतात काय? मला वाटायचं, रॉकेट आत्ता कुठे आहे ते. पण सुरक्षेसाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो: इंजिन या क्षणी बंद पडलं तर ते कुठे पडेल? त्या जागेला आपण पतनबिंदू म्हणू. नकाशावर आधीच सुरक्षेच्या रेषा आखलेल्या असतात. पतनबिंदू सुरुवातीला तळाजवळच असतो, मग समुद्रावरून पुढे सरकतो, आणि रॉकेटचा वेग वाढत जातो तसा फारच जोरात पळायला लागतो. उपग्रह कक्षेत पोचला की बिंदूच उरत नाही, कारण तो आता खाली पडणारच नसतो!

हे मुलांना मैदानावर छान कळतं. चुन्याची रेघ मारा, पलीकडे 'गाव'. एकाने चेंडू घेऊन गावाकडे पळायचं आणि शिट्टी वाजली की चेंडू नुसता सोडून द्यायचा, फेकायचा नाही. दुसऱ्याने शिट्टी वाजवायची. आमच्याकडे पहिल्यांदा मुलगा रेघेपाशी आल्यावर शिट्टी वाजली आणि चेंडू थेट गावात. कारण हातातून सुटलेला चेंडूही पळण्याच्या वेगाने पुढे जातो. शिट्टी रेघेच्या बरीच आधी वाजवायला हवी, हे मला सांगावं लागलं नाही.

पतनबिंदू काढायला रॉकेटची जागा आणि वेग सतत कळायला हवा. रॉकेट स्वतःची माहिती रेडिओने पाठवतं, पण तेवढ्यावर भागत नाही. त्याचं यंत्रच बिघडलं असेल तर ते 'मी बरोबर चाललोय' असंच सांगत राहील. म्हणून जमिनीवरचे रडार त्याला स्वतंत्रपणे मोजत असतात. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी तयार ठेवतात. रडार, घड्याळं, रेडिओ संच, वीजपुरवठा हे सगळं चालू ठेवणारे इंजिनियर टीव्हीवर कधी दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय फोडायचं की नाही हा निर्णयच घेता येणार नाही.

असा निर्णय श्रीहरिकोट्यात खरंच घ्यावा लागला आहे. २५ डिसेंबर २०१० ला जीएसएलव्ही-एफ०६ उडालं, सोबत जीसॅट-५पी उपग्रह. ४७.८ सेकंदांनंतर बिघाड सुरू झाला. क्रायोजेनिक टप्प्याच्या खालच्या भागातले १० कनेक्टर निसटले. वरच्या कॉम्प्युटरचे आदेश खालच्या चार जोड-इंजिनांपर्यंत त्यांच्यातूनच जात होते. आदेश थांबले, रॉकेट वाकडं झालं, हवेचा दाब न सोसून ५३.८ व्या सेकंदाला तुटायला लागलं. ६४ व्या सेकंदाला जमिनीवरून नाशाचा आदेश गेला. अवशेष समुद्रात पडले.

तुटलेलंच होतं तर आदेश कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. घन इंधनाचं इंजिन भुईनळ्यासारखं असतं, एकदा पेटलं की विझवता येत नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान तुटलं, तरी त्याचे दोन घन बूस्टर जळत उडतच राहिले होते. शेवटी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याने ते फोडले. या आदेशाने आत बसवलेली स्फोटकं इंजिनाचं कवच चिरतात, त्यामुळे जोर संपतो आणि तुकडे दूर भरकटत नाहीत.

हे सांगून झाल्यावर वर्गात शांतता. मग एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, आत माणूस असेल तर?"

या वेळी उत्तर तयार होतं. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात गगनयानची त्याचीच चाचणी झाली. माणसं बसायची कुपी, तेव्हा अर्थातच रिकामी, उडत्या रॉकेटपासून एका छोट्या सुटका-रॉकेटने ओढून दूर नेली. ती पॅराशूटने समुद्रात उतरली आणि नौदलाने उचलून आणली. "म्हणजे आधी माणूस बाहेर, मग फोडायचं," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.