आतड्यातील सलोखा जपा

घरातील औषधांच्या डब्यात मागील आजारपणातील दोन-चार प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्या उरलेल्या असतात. सर्दी झाली की त्यांतील एखादी वडीलधाऱ्यांना दिली जाते. तसे करण्यापूर्वी थोडा विचार करावा.

कोणाशी लढू नये, हे ओळखणेही रोगप्रतिकारशक्तीचेच काम आहे. अन्नावर, स्वतःच्या पेशींवर व आतड्यातील उपकारक जिवाणूंवर हल्ला होऊ नये, म्हणून नियामक टी-पेशी इतर संरक्षक पेशींना आवर घालतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. या संशोधनास २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा आवर सुटल्यास शरीर स्वतःवरच उलटू शकते.

आतड्यातील जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करतात. ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने नियामक टी-पेशी वाढल्याचेही आढळले.

प्रतिजैविके हे जिवाणूही मारतात. विषाणूजन्य सर्दीवर मात्र निरुपयोगी ठरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील हा जंतू फोफावू शकतो. त्यामुळे होणारे जुलाब वृद्धांच्या जिवावर बेतू शकतात. प्रतिजैविक घेताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत दिवसातून तीन वा अधिक वेळा पातळ शौचास झाल्यास, जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नका. त्वरित डॉक्टरांना दाखवा.

ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी पचेल तेवढी वाढा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास प्रोबायोटिकही विचारूनच द्या. आणि तो डबा आजच तपासा.